काडी मोडायला काष्टीला

जर्मनीहून घरी किती वेळा गेलात, असं कुणी विचारलं की मी फेऱ्या मोजतो आणि त्यातली एक गाळतो. गेली पन्नास वर्षं गाळत आलो आहे. त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतली ती फेरी. मुलांना सांगितलं की चुलते आजारी होते म्हणून गेलो. गिझेलाला, माझ्या बायकोला, निम्मं सांगितलं. ती चार वर्षांपूर्वी गेली आणि उरलेलं निम्मं माझ्यापाशीच राहिलं. आता इथल्या मराठी मंडळींनी दिवाळी अंकासाठी एखादं प्रवासवर्णन द्या असा आग्रह धरला आहे. त्यांना ऱ्हाइन नदीकाठच्या द्राक्षमळ्यांवर काहीतरी हवं असावं. पण माझं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, आणि लिहायचंच तर हेच लिहायला हवं.

मी मूळचा देवळाली प्रवरेचा. आईवडील लहानपणीच गेले, चुलत्यांनी वाढवलं. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होतो. त्रेसष्ट साली यंत्रांच्या शिक्षणासाठी दोन वर्षांकरता पश्चिम जर्मनीत आलो आणि राहून गेलो. येताना मागे बायको ठेवून आलो होतो. तिचं नाव कमल, माहेर काष्टीचं. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

पुढे गिझेला भेटली. बहात्तर साली आम्ही लग्नाची नोंदणी करायला गेलो तर कचेरीतल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "आणि ही कमल कोण?" माझ्या पासपोर्टच्या कागदात पत्नीचं नाव होतं.

मग वकील गाठला. तो म्हणाला, परक्या माणसाचा घटस्फोट इथे त्याच्या स्वतःच्या देशाच्या कायद्यानं बघतात. तुमच्याकडे काय रीत आहे? मी सांगितलं, कोर्ट आहे, पण आमच्या समाजात पंचांसमोर काडी मोडली तरी चालतं. कायदाही ते मानतो. त्यानं लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"कसली काडी?"

"गवताची."

"किती लांब?"

मी हातानं दाखवलं. त्यानं ते गंभीरपणे लिहून घेतलं. काडी कोण धरतो, कोण मोडतो, शिक्का कुठे मारतात, मोडलेली काडी दप्तरी ठेवतात का, असे बारा-तेरा प्रश्न टंकलिखित करून त्यानं माझ्या हातात दिले. उठताना मात्र दार लावून घेतलं आणि म्हणाला, "दोष कुणाचा हे कागदावर येणार. तुमचा आला आणि त्यात दुसऱ्या बाईचं कारण निघालं, तर त्याच बाईशी लग्न करायला आमचा कायदा आडवा येतो. तुमच्या बाजूनं कागद स्वच्छ असू द्या."

ते एक वाक्य घेऊन मी विमानात बसलो. सोबत गिझेलानं कमलसाठी दिलेली एक घडीची छत्री होती. जिच्याशी फारकत घ्यायची तिला काय भेट न्यावी, हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

नगर

दहा वर्षांनी नगरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो आवाज. जर्मनीत माणसं दोन हातांवरून बोलतात तरी ऐकू येत नाही, इथे चहावाला रस्त्याच्या पलीकडून मला विचारत होता, "सायेब, साखर कमी का जास्त?" दुसरं जाणवलं ते ताट. खाणावळीत भाकरी वाढली ती विटकरी लाल. मला वाटलं करपली आहे.

"मिलो हाय," वाढपी म्हणाला. "परदेशातली ज्वारी. रेशनला हीच मिळती. तुमी कुठून आला?"

"परदेशातूनच."

"मंग ओळखीची असंल की!"

शेजारचे दोघं हसले, मीही हसलो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पण त्या खाणावळीत हसण्याचा दुष्काळ नव्हता, हे मला आजही आठवतं. भाकरी चरबट होती, ठेचा मात्र असा होता की दहा वर्षांचं जर्मन जेवण डोळ्यांतून वाहून गेलं.

कोर्टाजवळच्या वकीलसाहेबांनी जर्मन प्रश्नांचा कागद दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला. "कोर्टात गेलात तर वर्षं जातील," ते म्हणाले. "काडीमोड करा. पाच पंच, स्टॅम्प पेपरवर फारकत, मग पंचांची प्रतिज्ञापत्रं माझ्याकडे. पण बाई हजर पाहिजे, राजीखुशीनं. बळजबरीचा वास आला तर मी हात लावणार नाही."

बाहेर लिंबाच्या सावलीत स्टॅम्प विकणारे म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी वहीत नाव लिहिलं, कारण लिहिलं. कुठून आलात, म्हणून विचारलं. सांगितल्यावर चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "एवढ्या लांबून लोक सोयरीक जोडाया येतात. तुम्ही मोडायला आलात, कमाल आहे." आणि कागदावर फुंकर घालून शाई वाळवली.

देवळाली प्रवरा

घरी दोन दिवस राहिलो. कालव्याला पाणी पाळीपाळीनं येत होतं, तरी ऊस उभा होता. बांधावरून चालताना वाटलं, दुष्काळ इथे पाहुण्यासारखा ओसरीवर बसला आहे, आत आलेला नाही. जर्मनीत शेतातून चालताना माणूस दिसत नाही. इथे शंभर पावलांत चौघांनी थांबवलं. "वसंता न्हवं का? लई गोरा झालास!" मी गोरा झालो नव्हतो, जाड झालो होतो.

आप्पांनी, म्हणजे चुलत्यांनी, सगळं शांतपणे ऐकलं. काकू चुलीपुढे होती. माझ्याशी बोलत नव्हती, फक्त वाढत होती. हुलग्याची शेंगोळी केली होती, कारण लहानपणी मला आवडायची. दुसऱ्यांदा वाढताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन वरसं माझ्या हाताखाली राबली ती पोर. तुझं पत्र यायचं थांबलं, तवा तिचा भाऊ येऊन घिऊन गेला. जाताना पाया पडली अन् म्हनली, त्यांचं पत्र आलं तर सांगावा धाडा, मी लगीच येते. मी काय सांगावा धाडू?"

मी ताट बाजूला सारलं.

आप्पा म्हणाले, "तू गप गं. वसंता, वकिलानं काय सांगितलं? दोष तुझ्या अंगावर नगं, असंच ना?"

"हो."

"मंग मी बसून लिवून घेतो. तू पंचात तोंड उघडू नगंस. तुला बोलता येत न्हाई, पयल्यापासनं."

संध्याकाळी त्यांनी ओसरीवर बसून वळणदार अक्षरात स्टॅम्प पेपर भरला. 'सदर बाई वारंवार सांगावा धाडूनही नांदावयास येत नसल्याने' हे वाक्य लिहिताना त्यांनी काकूकडे पाहिलं नाही. मी ते वाचलं. काकूचं बोलणं ऐकून दोन तास झाले नव्हते. मी म्हणालो, "अक्षर अजून छान आहे तुमचं, आप्पा."

काष्टी, पहिला दिवस

श्रीगोंद्याकडे जाणारी एस.टी. जशी पुढे सरकते तसा हिरवा रंग कमी होत जातो. मधेच टायर पंक्चर झाला. सगळे उतरून बाभळीच्या फाटक्या सावलीत उभे राहिलो. मी सवयीनं घड्याळ बघत होतो. एक म्हातारी टोपलीतली कोंबडी सांभाळत म्हणाली, "बाबा, घड्याळात बघून टायर भरतो व्हय?" जर्मनीत गाडी चार मिनिटं उशिरा आली तर माणसं एकमेकांकडे रागानं बघतात. इथे तासाभरात मला तीन जणांची खुशाली, एकीच्या सुनेचं बाळंतपण आणि कंडक्टरच्या सासऱ्याची दमा जिरवायची मुळी, एवढं सगळं कळलं.

माझ्यासोबत आप्पाही आले होते, त्यांनी आधीच निरोप धाडून ठेवला होता. काष्टीच्या स्टँडवर कमलचा थोरला भाऊ सदाशिव उभा होता. वाटेत मी मनात त्याचे सगळे शब्द घडवून ठेवले होते, शिव्यांसकट. तो पुढे आला आणि म्हणाला, "या दाजी. लई वाळला न्हाई म्हना." घरी गेल्यावर त्यानं पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या पुढे ठेवला. त्या पाण्यासाठी त्याची बायको दीड मैल चालून आली होती, हे मला नंतर समजलं. मी अर्धा तांब्या पायांवर ओतला. ही चूक मी अजून विसरलेलो नाही. सदाशिवनं हळूच खाली पातेलं सरकवलं आणि ते पाणी म्हशीला पाजलं.

"कमल कुठे आहे?" मी विचारलं.

"कामावं. तळ्याचं काम चालू हाय सरकारी. हजेरी ती घेती."

"हजेरी?"

"दाजी, ती सातवी पास झाली. घरी बसून. माझ्या पोरीची पुस्तकं घिऊन. तुमाला कळवायचं राह्यलं." त्याच्या आवाजात टोमणा होता, पण त्याहून जास्त अभिमान होता.

ती ऊन कलल्यावर आली. काखेत हजेरीचं पुस्तक, कानावर पेन्सिल, पायांत टायरच्या चपला. मी नऊवारीतली, मान खाली घालणारी मुलगी सोडून गेलो होतो. ही ताठ चालत होती. दारात थांबून तिनं मला नीट पाहून घेतलं, घाई न करता.

"बरं हाय ना?" ती म्हणाली.

"बरं आहे."

मग मी छत्री काढून दिली. तिनं बटण दाबलं. छत्री फाडकन उघडली, म्हैस दचकली. सदाशिवच्या मुली टाळ्या पिटायला लागल्या.

"पाऊस न्हाई अन् छत्री आनली!" सदाशिवची बायको पदर तोंडाला लावून हसली.

कमलनं छत्री डोक्यावर धरून बघितली. "उन्हाला बी चालंल की," ती म्हणाली. "कुनी दिली?"

मी सांगितलं. तिनं छत्री मिटली, पुन्हा उघडली. "चांगली हाय का ती?"

"छत्री?"

"छत्री न्हवं."

"हो," मी म्हणालो. "चांगली आहे."

"मग झालं."

काष्टी, दुसरा दिवस

पंच घरी बसणार नव्हते. पाचही जण तळ्याच्या कामावर होते आणि हजेरी बुडवायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळे माझी काडीमोड दुपारच्या सुट्टीत, तळ्याच्या भरावावर, जिथे कामावरच्या बायांची तान्ही पोरं झोळीत निजवत त्या छपरात झाली. माझ्या जर्मन वकिलाच्या तेरा प्रश्नांत 'सभागृह कोणतं' असाही एक प्रश्न होता.

पंचांमध्ये तात्या म्हणून सत्तरीचे गृहस्थ मोठे होते. त्यांनी आप्पांचा कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "डोळं गेलं. वाचा कुनीतरी."

"मी वाचते," कमल म्हणाली.

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांच्या हिशेबात ती सातवी पास नव्हती.

ती मोठ्यानं वाचत गेली, हजेरी वाचतात तशी. त्या वाक्यापाशी थांबली. पुन्हा वाचलं, या वेळी मनात. मग कागद खाली घेतला.

"मी नांदायला आले न्हाई, असं हाय हितं."

एका झोळीतलं पोर रडायला लागलं. कमलनंच झोळीला झोका दिला.

"आप्पा, तुमी लिवलंय का हे?"

"पोरी, तिकडल्या कायद्याला तसं लागतं. हितं कोन वाचतंय?"

"मी वाचलं की." मग ती माझ्याकडे वळली. "जरा हिकडं या."

आम्ही खडीच्या ढिगापलीकडे जाऊन उभे राहिलो. सगळ्यांना दिसत होतो, ऐकू जात नव्हतं. ती सावकाश बोलली. बोलणं आधीच घोकून ठेवल्यासारखं.

"मला बी मोकळं व्हायचंय. तुमी आला न्हाई म्हनून रडत न्हाई बसले. नगरला नर्सिंगचा कोर्स हाय. नवऱ्यानं टाकलेल्या बायांना अन् विधवांना आदी घेत्यात. माझा फारम भरून तयार हाय. पन हितं लिवलंय मीच आले न्हाई. मग मला टाकलेली कोन म्हनंल? नवऱ्याला सोडून आलेली म्हनतील. तिला कोन घेतंय?"

मी पायानं खडी सारत होतो.

"अन् मी तर फोटू काढून धाडला हुता. तुमीच लिवलं हुतं, पासपोर्टला फोटू लागंल. दौंडला जाऊन काढला. पोचला न्हाई का?"

फोटो पोचला होता. चौसष्टच्या पावसाळ्यात. ताठ बसून कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी कमल, मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं. तोवर गिझेलाची ओळख झाली होती. मी तो फोटो पाकिटात घालून खणात ठेवला आणि उत्तर दिलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "टपालात गहाळ झाला असेल."

तिनं मान हलवली. तिला पटलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

"बरं. मग असं करू. हा कागद तुमच्या कामाला लागतो, तो राहू द्या. मी सही करते. पन मला येगळा कागद द्या. तुमच्या हातचा. की हिला मी टाकली, हिचा दोष न्हाई. तेवढा मी फारमाला जोडीन."

मी तयार झालो. पण आप्पा तेवढ्यात येऊन पोचले होते आणि त्यांनी शेवटचं ऐकलं होतं. "आज दोन कागद केलं अन् दुसरा फिरत फिरत वकिलाकडं गेला तर? तुझं लगीन बी गेलं अन् हिची फारकत बी. आदी तिकडचं होऊ दे. मग धाड की."

कमलनं मला विचारलं, "धाडाल का?"

"महिन्याभरात पाठवतो," मी म्हणालो.

"फारमाची मुदत मेअखेर हाय. ध्येनात ठिवा."

तिनं सही केली. स्वच्छ, शिरोरेघ देऊन. माझी सही तिच्या सहीपुढे गिचमीड दिसत होती.

आता काडी. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या भरावावर वाळलेली काडी नाही. गवत दोन वर्षांत उगवलं नव्हतं, कडबा कधीच संपला होता. बैलांपुढे होती ती कालव्याकडून ट्रकनं आणलेली उसाची हिरवी वाढी, म्हणजे शेंड्याची पानं. सदाशिव त्यातलं एक पान घेऊन आला. मी एक टोक धरलं, कमलनं दुसरं. ओढलं. ते वाकलं, पिळलं गेलं, पण तुटेना.

"उसाचा गोडवा हाय, सुटायचा न्हाई," एक पंच म्हणाला. सगळे हसले. कमलही.

"केरसुणीची काडी आना," दुसरा म्हणाला.

"खुळा का काय!" तात्या कडाडले. "केरसुणी म्हंजी लक्षुमी. तिची काडी मोडून फारकत करतोस? आनखी दोन वरसं पाऊस न्हाई पडायचा."

मग बराच वाद झाला. तुरीची काडी चालेल का, बाभळीची चालेल का, ती काडी की फांदी. सुट्टी संपत आली. मी जर्मन प्रश्नांचा कागद आठवून मनात म्हणत होतो की यातलं एक अक्षरही तिथे कुणाला सांगता येणार नाही. शेवटी कमलनंच हात वर केला, छपरातून पाचटाची एक लांब वाळकी काडी उपसली, टोक माझ्या हातात दिलं.

"धरा नीट."

कट्.

दोन्ही तुकडे तात्यांनी आमच्या मागे टाकले. भरावावरची घंटा वाजली आणि पंच घमेली उचलायला गेले. कामावरच्या मजुरांना सरकारकडून मिळणाऱ्या सुकडीचा डबा आला होता. कमलनं हजेरीच्या क्रमानं वाटायला सुरुवात केली. माझ्या हातावरही मूठभर ठेवली. गोड, कोरडी, जराशी जळकी. त्या दोन दिवसांत खाल्लेलं मी एवढंच सावकाश खाल्लं.

सदाशिव शेजारी येऊन बसला. "आता दाजी म्हनायचं का न्हाई, कळंना."

"नको म्हणू."

"जिभंला सवय झालीय," तो म्हणाला. "राहू द्या दाजी."

काष्टीचा स्टँड

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला जाण्याआधी कमल स्टँडवर आली. उन्हं कोवळी होती, तरी छत्री डोक्यावर. दोन-तीन बाया तिच्या छत्रीखाली डोकं घालून बघत होत्या आणि ती त्यांना बटण दाखवत होती. तिनं मला एक चिठ्ठी दिली. त्यावर तिचा पत्ता आणि फॉर्मची शेवटची तारीख, दोन्ही तिच्या अक्षरात.

मी रात्रभर एक वाक्य ठरवलं होतं. ते तोंडात होतं. गाडी आली, आप्पांनी जागा धरली, कंडक्टरनं दोरी ओढली.

"ऊन फार आहे," मी खिडकीतून म्हणालो. "जपून राहा."

"तुमी बी," ती म्हणाली. "थंडी असंल तिकडं."

नंतर

प्रवास इथे संपतो. नगरला प्रतिज्ञापत्रं झाली. जर्मनीत परतल्यावर वकिलाला मी काडी छपरातून काढल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं, छप्पर कुणाच्या मालकीचं? तिथलं न्यायखातं कागदांवर बसून राहिलं. मी वकिलाला दुसऱ्या कागदाचं विचारलं. तो म्हणाला, निकाल येईपर्यंत एक ओळही लिहू नका. मी तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. मे महिना गेला. निकाल आला ऑक्टोबरात. तेव्हा पाठवता आलं असतं. पुढच्या वर्षी फॉर्म पुन्हा निघणारच होते. पण उशिराचा कागद पाठवायचा तर सोबत उशिराचं कारण लिहावं लागलं असतं. ते मला लिहिता आलं नाही. नोव्हेंबरात माझं आणि गिझेलाचं लग्न झालं.

पुढचं सदाशिवच्या पत्रातून कळलं. पहिल्या वर्षी कमलचा फॉर्म परत आला. दुसऱ्या वर्षी तिनं कुणाची वाट पाहिली नाही. तळ्यावर तिच्याबरोबर खडी फोडलेल्या बायांना तिनं गोळा केलं आणि अर्जाच्या मागे त्यांचे अंगठे घेतले. वर एकच ओळ होती: ही नवऱ्यानं टाकलेली आहे, आम्ही दहा वर्षं बघत आहोत. अंगठे इतके झाले की जोडपानं लावावी लागली. तिला घेतलं. सदाशिवनं लिहिलं होतं, 'आपल्या बाया लई खूश हायेत, म्हनत्यात आमच्या अंगठ्यानं नर्स झाली.'

मी एकदाच तिला पुन्हा भेटलो, शहाऐंशी साली. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात. पांढरी साडी, चष्मा, कपाळावर कुंकू. तिनं एका शाळामास्तराशी लग्न केलं होतं. बाहेर बायांची रांग होती. पोरांना लसी टोचणं चाललं होतं, सगळी एका सुरात रडत होती आणि ती प्रत्येकाला नावानं रागे भरत होती. मला बघून तिनं ओळखलं, बाकड्यावर बसवलं, चहा मागवला.

"तुमचा कागद काय आला न्हाई बघा," ती सुई उकळायला ठेवता ठेवता म्हणाली. आवाजात राग नव्हता. आठवणीनं हिशेबाबाहेरची एक गोष्ट सांगावी तसं म्हणाली. "पन काम झालं."

आत्ताच ते वाक्य बोलावं, असं मला वाटलं. बाकड्यावरून उठलोसुद्धा. तेवढ्यात एका बाईनं तान्हं मूल तिच्या पुढ्यात धरलं आणि ती वळली. मी तिच्या पाठीला म्हणालो, "यंदा पाऊस बरा आहे इकडे." मग चहा संपवून निघालो.

आता तिला या कागदाचा काही उपयोग नाही. ती आहे, नातवंडांत आहे, कानानं कमी ऐकू येतं असं समजतं. दूरध्वनीवर मला हे ओरडून सांगायचं धैर्य नाही, आणि डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. तिनं मागितला होता तसा, माझ्या हातचा, लिहून देतो.

मी वसंत, मूळ राहणार देवळाली प्रवरा, लिहून देतो की काष्टीची कमल नांदायला तयार होती. तिला कुणी सांगावा धाडला नाही. तिचा फोटो मला पोचला होता. तिला मी टाकली. तिचा दोष नव्हता. मुदतीत हा कागद पाठवला नाही, तोही माझाच दोष.

कमल, माझं चुकलं.